विमा आहे, पण खिशाला नाही

अनंत चतुर्दशी उलटली की मोबाईल आणि सोनसाखळ्या गेल्याच्या तक्रारी घेऊन लोक काळाचौकी पोलीस ठाण्यात येतात, यात लालबागकरांना आता काही नवल वाटत नाही. फोन बहुतेकदा कार्डावर, हप्त्यांनी घेतलेला असतो. घरी गेल्यावर कोणाला तरी आठवते, की कार्डाबरोबर आलेल्या पत्रकात ‘पर्चेस प्रोटेक्शन’ असे काहीतरी छापले होते. म्हणजे घेतलेली वस्तू चोरीला गेली तर भरपाई. मग बँकेच्या हेल्पलाइनला फोन लागतो आणि दोन-तीन कॉलनंतर कळते, की हा विमा गर्दीत कापलेल्या खिशासाठी नव्हताच.

बँक यात खोटे बोललेली नसते. मात्र तिने सगळे सांगितलेलेही नसते. असा विमा बँक स्वतः देत नाही. ती एखाद्या विमा कंपनीकडून समूह पॉलिसी घेते आणि कार्डधारक त्या पॉलिसीचा केवळ लाभार्थी असतो. मूळ कागद त्याच्या हाती क्वचितच पडतो. अटी कार्डागणिक बदलतात, पण साचा साधारण एकच. खरेदीनंतर ठरावीक दिवसांपुरते संरक्षण, तेही कार्डावर भरलेल्या रकमेइतकेच. दागिने, रोकड, नाशवंत माल बहुधा वगळलेला, कित्येकदा मोबाईलही. आणि धोका कोणता? अनेक कार्डांवर ‘आग आणि बर्गलरी’ एवढाच.

खरी अडचण या बर्गलरीत आहे. विम्याच्या कागदात तिचा अर्थ कुलूप तोडून, दार फोडून, बळजबरीने आत शिरून केलेली चोरी. घरफोडीच्या पॉलिसीत बळाचा वापर करून प्रवेश अशी अट असेल, तर तशा खुणांशिवाय नुसती चोरी झाल्याने दावा उभा राहत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये दिला आणि 2016 मध्ये त्याच वाटेने आणखी एक. कराराचे शब्द जसे आहेत तसेच वाचायचे, ही न्यायालयाची भूमिका. ती कायद्याला धरून आहे, पण गिरगावातल्या चाळीला ती जाचते. तिथे दिवसा दार उघडेच असते, गॅलरीतून येणारे-जाणारे डोकावून बोलतात, फोन खिडकीजवळ चार्जिंगला लावलेला असतो. कोणी हात घालून तो उचलला तर कडी तुटत नाही, कोयंडा वाकत नाही. पोलिसांच्या दृष्टीने ती राहत्या घरातली चोरी. विम्याच्या दृष्टीने घरफोडी नव्हे, म्हणून पैसे नाहीत.

विमा नीट कसा घ्यावा हे पाहायचे तर लालबागहून माटुंग्याकडे सरकावे. किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने 2025 च्या गणेशोत्सवासाठी 474.46 कोटी रुपयांचा विमा उतरवला होता. आकडा डोळ्यांत भरतो आणि दरवर्षी त्याचीच बातमी होते. आतली रचना त्याहून बोलकी आहे. सर्वांत मोठा वाटा स्वयंसेवक, पुजारी, सेवेकऱ्यांच्या अपघात विम्याचा. सोन्या-चांदीच्या दागिन्यांसाठी 67.03 कोटींचे ‘ऑल रिस्क’, म्हणजे सर्व धोक्यांचे, संरक्षण. शिवाय आग आणि भूकंप वेगळे. दागिन्यांवर मंडळाने बर्गलरीचे कलम घेतले नाही, ऑल रिस्क घेतले. आपल्यावर कोणता प्रसंग ओढवू शकतो याचा आधी विचार केला आणि तेवढ्याचे पैसे मोजले. रांगेत उभ्या असलेल्या भक्ताला जो विमा मिळतो तो मात्र कार्डासोबत फुकट आलेला, त्याच्या प्रसंगाचा विचार कोणीच न केलेला.

समजा एखाद्याच्या कार्डावर साध्या चोरीलाही भरपाई आहे. तरी दावा अडतो तो पोलीस ठाण्यातल्या टेबलावर. मुंबईत फोन गेल्याची तक्रार अनेकदा ‘गहाळ’ म्हणून नोंदली जाते. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूची नोंद घरबसल्या करता येते. कागद पटकन मिळतो, नवे सिम घ्यायला तो चालतो. विमा कंपनी मात्र तो पाहून शांतपणे सांगते, की वस्तू हरवली असे तुम्हीच लिहून दिले आहे आणि हरवल्याला संरक्षण नाही. म्हणून हवा तो एफआयआर, त्यात चोरीचे कलम. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीला 303, हिसकावण्याला 304, राहत्या घरातल्या किंवा प्रवासी वाहनातल्या चोरीला 305 आणि घरफोडीला 331 हे कलम आहे. दादरला लोकलमध्ये चढताना पाकीट गेले, तर हद्द लोहमार्ग पोलिसांची की शहर पोलिसांची यात माणूस पुलावर वर-खाली करत राहतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. ती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रत फुकट मिळते. ‘साहेब, गहाळ नको, चोरी लिहा’ एवढे वाक्य टेबलासमोर न संकोचता म्हणता यायला हवे. हवालदारसाहेबांचा चेहरा थोडा बदलेल, बदलू द्यावा.

आधी पोलीस की आधी विमा कंपनी, हा घोळही नेहमीचा. ट्रॅक्टर चोरीच्या एका प्रकरणात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की एफआयआर ताबडतोब झाला असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्या कारणावरून खरा दावा नाकारता येणार नाही. निकाल वाहनविम्याचा आहे, त्यामुळे कार्डाच्या बाबतीत त्यावर विसंबून राहू नये. कंपनीलाही त्याच दिवशी ई-मेल टाकावा.

पाकिटात कार्डही असेल तर आणखी घाई. टॅप करून चालणाऱ्या कार्डावर 5,000 रुपयांपर्यंतची खरेदी पिनशिवाय होते, आणि चोराला एकदाच थांबायचे बंधन नसते. कार्ड बंद करायला सांगितल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे, हे रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने ठरवून दिले आहे. सांगण्याआधीचे, आपल्या हलगर्जीने झालेले असेल तर आपले. बँकेची ही जबाबदारी पर्चेस प्रोटेक्शनपेक्षा पूर्ण वेगळी आहे, आणि ग्राहकाच्या खरोखर उपयोगी पडणारी हीच.

रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांत कार्डाच्या अटी सोप्या भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत द्याव्यात असे म्हटले आहे. ‘शक्यतो’ असल्यामुळे विमानतळावरच्या लाउंजची ऑफर मोठ्या अक्षरात येते आणि विम्याचे अपवाद इंग्रजी पीडीएफच्या तळाशी जातात. हा ‘शक्यतो’ काढून टाकायला हवा, आणि कार्डासोबत मराठीत एक पान सक्तीचे करायला हवे. किती दिवस, किती रक्कम, कोणत्या वस्तू नाहीत, खिसा कापला तर मिळणार की नाही, आणि कंपनीचे नाव काय.

तोवर दावा नाकारला गेला तर नकार लेखी मागावा. बँक कंपनीकडे बोट दाखवते, कंपनी बँकेकडे. लेखी नकाराने हा खेळ थांबतो. कंपनीकडे तक्रार करून महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईचे कार्यालय सांताक्रूझला आहे. समूह पॉलिसीच्या तक्रारीही तिथे चालतात, फी नाही, वकिलाची गरज नाही. नकार मिळाल्यापासून वर्षभराच्या आत मात्र अर्ज पोचला पाहिजे.