विजातीय द्रव्यं आणि माझं नाक

माझं नाक पहाटे साडेपाचला उठतं आणि मग मला झोपू देत नाही. ओळीनं वीस-बावीस शिंका. शेजारी त्यावर घड्याळ लावतात. गेली तीस वर्षं हाच परिपाठ. पुण्यात माणूस एकदा शिंकला की औषध सुचवणारे चार जण भेटतात. मला बावीस शिंका येतात, हिशेब तुम्हीच करा. अशाच एका हितचिंतकानं गेल्या श्रावणात मला दहा दिवसांसाठी एका निसर्गोपचार केंद्रात नेऊन टाकलं. केंद्राचं नाव सांगत नाही. नाव कुठलंही घेतलं तरी माहितीपत्रक तेच असतं.

त्यातलं पहिलंच वाक्य: 'ॲलर्जी हा रोग नव्हे, शरीरानं शुद्धीसाठी मारलेली हाक आहे.' हाक! बावीस हाका, रोज, पहाटे. कोकणातलं भूतसुद्धा इतकं चिकाटीनं हाका मारत नाही.

दुसऱ्या वाक्यात ऋषिमुनी होते. ते असायचेच. पण तिथल्या भिंतीवर ज्या कटिस्नानाची चित्रं टांगली होती, त्याचं गोत्र शोधायला निघालात तर नैमिषारण्यात नाही, लाइप्झिगला पोहोचाल. लुई कूने नावाच्या गृहस्थांनी १८८३ साली तिथे आपलं उपचारकेंद्र थाटलं. मूळचे सुतारकाम शिकलेले, पुढे कारखानदार. गार पाण्याचे उपचार गाजवणारे प्रिस्निट्झ शेतकरी, आणि क्नाइप पाद्री. अशी ही जर्मन बलुतेदारी. माझा बलुतेदारांवर राग नाही. सुताराच्या हाती कमंडलू देऊन त्याला ऋषी म्हणून खपवण्यावर आहे. त्या बिचाऱ्याचं श्रेय तरी त्याला द्या! सिद्धांत त्याचाच, आणि मोठा सुटसुटीत: शरीरात 'विजातीय द्रव्य' साचतं, आंबतं, आणि त्यातून रोग होतात. सगळे. म्हणून रोग एक, कारण एक, उपचार एक. आपल्याकडच्या निसर्गोपचाराच्या तत्त्वांच्या यादीत हे वाक्य आजही मानाच्या पाटावर बसलेलं असतं.

'विजातीय' हा शब्द मी तोवर फक्त लग्नं मोडताना ऐकला होता. म्हणून तिथल्या तरुण डॉक्टरांना विचारलं, "हे द्रव्य म्हणजे नेमकं काय हो? काही नाव-गाव?"

"टॉक्सिन्स, काका."

"कुठलं? शिसं? पारा?"

"सगळीच."

"रक्तात मोजता येतात?"

"ते मोजण्यापलीकडचं असतं, काका. तुमची प्रतिकारशक्ती कमी पडतेय. ती आपण वाढवू."

इथे जरा बसा. खरी मौज इथेच आहे.

'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानं घडवला. त्याला दिसलं होतं ते असं, की शरीराचा राखणदार कधी कधी राखण सोडून घरातच धुमाकूळ घालतो. पुढे १९६६ मध्ये इशिझाका पती-पत्नींनी त्यातला मुख्य कलाकार शोधला. त्याला आता आयजीई म्हणतात. हे प्रतिपिंड परागकण, गादीतल्या धुळीतले कीटक, शेंगदाणा अशा मंडळींना हेरतं. यातला कोणीही तुमचं वाकडं करायला आलेला नसतो. परागकण तर बापडा भलत्याच फुलाकडे निघालेला आणि वाट चुकून तुमच्या नाकात शिरलेला. पण आयजीईनं त्याला एकदा विजातीय ठरवलं की पुढच्या भेटीत मास्ट पेशी हिस्टामिन ओततात, नाक वाहतं, डोळे सुजतात, अंगावर पित्त उठतं. म्हणजे ॲलर्जी ही रक्तात भरलेली जातपंचायतच की! निरुपद्रवी पाहुण्याला वाळीत टाकायचं आणि त्या धामधुमीत स्वतःचंच घर पेटवायचं. यावर आमच्या तरुण डॉक्टरांचा उपाय काय? पंचांना बळ द्या. गुळवेल पाजा, काढे पाजा, प्रतिकारशक्ती वाढवा. अहो, वाढली आहे तीच आवरेना!

नाक बिघडलं म्हणून दुरुस्ती शरीराच्या दुसऱ्या टोकाला सुरू झाली. रोज एनिमा. पोटावर मातीची पट्टी. दुधीचा रस. दूध बंद, गहू बंद, साखर बंद. मी शिंकतच होतो, फक्त आता उपाशीपोटी.

जेवणघरात (जेवण नसलं तरी घर होतं) एक पाटी होती: 'निसर्ग कधीच अपाय करत नाही.' ही पाटी रंगवणाऱ्याला कोकणात पाठवा आणि काजूची ओली बी दातानं फोडायला सांगा. किंवा आजीच्या फडताळातला बिब्बा उघड्या हातानं ठेचू द्या. मराठीत 'बिब्बा उतणे' असा खास शब्दप्रयोग आहे; त्वचारोगतज्ज्ञ जन्माला येण्याआधीच भाषेनं केलेलं हे निदान. याच बिब्ब्याच्या रसानं परीट कपड्यांवर खुणा घालत. दुसऱ्या महायुद्धात इकडे आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर जिथे जिथे ती खूण टेकली, तिथे तिथे पुरळ उठलं. त्यांच्या डॉक्टरांनी १९४३ साली ते 'धोबी मार्क डर्मटायटिस' म्हणून छापूनही टाकलं. यात कुठे प्लास्टिक नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही. शंभर टक्के ऑरगॅनिक.

आणि आपलं गाजर गवत? काँग्रेस गवत, चटकचांदणी, काय म्हणाल ते. मूळ अमेरिका खंडातलं हे बेणं आपल्याकडे पुण्यात नोंदलं गेलं १९५६ साली; आयातीच्या गव्हाबरोबर आलं असं मानतात. नुसत्या वाऱ्यानं त्याचे कण अंगावर आले तरी कित्येकांच्या चेहऱ्याची कातडी खाजून खाजून जाड, काळी पडते. त्याला ना खत लागतं, ना फवारणी, ना कोणाची मेहेरबानी. एवढं निसर्गाशी एकरूप जगणं ज्याला साधलं, त्याला खरं तर या केंद्रांनी गुरुपौर्णिमेला हार घालायला हवा.

तिसऱ्या दिवशी रक्त घेतलं. म्हटलं, चला, काहीतरी मोजतायत. महागडी 'फूड इनटॉलरन्स' चाचणी, शे-दीडशे पदार्थांची. निकाल: गहू, दूध, तूरडाळ, शेंगदाणे, सगळे लाल रंगात. मी हबकलो. मग निकालातली अक्षरं वाचली. आयजीई नव्हे, आयजीजी! हे प्रतिपिंड जे आपण नेहमी खातो त्याची ओळख ठेवतं. वावड्याशी त्याचा संबंध नाही, असं युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ सालीच बजावून ठेवलं आहे. म्हणजे काही हजार रुपये घेऊन या चाचणीनं मला सांगितलं काय, तर मी वरणभात आणि पोळी खातो. हे बायकोनं फुकट सांगितलं असतं. चकलीचंही सांगितलं असतं.

सहाव्या दिवशी शिंका तिसावर गेल्या. डॉक्टरांचा चेहरा उजळला. "हीलिंग क्रायसिस, काका! टॉक्सिन्स बाहेर पडतायत." मी विचारलं, कमी झाल्या असत्या तर? तर उपचार लागू पडला. जशाच्या तशा राहिल्या असत्या तर? तर तुम्ही चोरून काहीतरी खाल्लंत. कौल उजवा पडो नाहीतर डावा, नारळ गुरवाचाच.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण एका ठिकाणी माझं हसू आटतं. त्यांच्या त्याच यादीत आणखी एक तत्त्व आहे: तीव्र रोग हे शत्रू नसून मित्र आहेत. १९०२ साली शार्ल रिशे आणि पोर्तिए यांनी नेपच्यून नावाच्या कुत्र्याला समुद्रफुलाच्या विषाचा थोडासा डोस दिला, त्याला काही झालं नाही. काही आठवड्यांनी तसाच पुन्हा दिला. पंचवीस मिनिटांत कुत्रा मेला. याला त्यांनी ॲनाफिलॅक्सिस म्हटलं, आणि १९१३ साली रिशेला नोबेल मिळालं. एखाद्या पोराला शेंगदाण्यानं किंवा गांधीलमाशीच्या डंखानं हे होतं, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो, तेव्हा हा मित्र दारात उभा असतो. मांडीत ॲड्रेनलिन टोचलं तर तो परत जातो. आणि हे ॲड्रेनलिन तरी कोण? आपल्याच मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतलं. घरचं. सजातीय! पण सुईतून आलं की ते 'केमिकल' होतं.

कोणी म्हणेल, गांधीजींना तरी सोडा. सोडतो कशाला, हात जोडून धरतोच. मातीच्या पट्ट्यांवर बापूंची श्रद्धा खरी होती. १९४६ साली उरुळी कांचनचा आश्रम निघाला तो त्यांच्याच प्रेरणेनं. पुणे स्टेशनजवळ ते ज्या निसर्गोपचार केंद्रात राहायचे, त्या बापू भवनात पुढे राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थान आलं. पण त्याच स्टेशनाजवळ ससून रुग्णालयही आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री तिथे कर्नल मॅडॉकनी बापूंचं अपेंडिक्स कापून काढलं. मध्येच वीज गेली, उरलेलं काम कंदिलावर उरकलं. पुढे बापूंना त्याची रुखरुख लागली असेलही. पण रुखरुख लागायला माणूस जिवंत लागतो.

मग लोक या केंद्रांत का जातात? कारण आमच्या कान-नाक-घसावाल्यांकडे दोन तास बसल्यावर दोन मिनिटं मिळतात. तो वर न बघता लेव्होसेट्रिझिन लिहितो. इथे त्या पोरानं माझं ऐकायला सव्वा तास दिला, माझ्या आजोबांच्या दम्याबद्दलही विचारलं. सव्वा तास! मला भरून आलं. चुकीचा माणूस नीट ऐकतो आणि बरोबर माणसाला वेळ नसतो, या फटीत हा सगळा धंदा उभा आहे.

आणि जलनेतीनं मला थोडं बरं वाटलं, हेही कबूल. मिठाच्या पाण्यानं नाक धुण्याचा फायदा डॉक्टरही मानतात. फक्त पाणी उकळून गार केलेलं हवं. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियानात नळाचं पाणी तसंच नाकात घातलेले दोघे जण मेंदूत अमीबा शिरून गेले. मी विचारलं, इथलं पाणी कुठलं? "बोअरचं, काका. एकदम नैसर्गिक."

'मूळ कारणावर उपाय' हे यांचं ब्रीद. मुळावर घाव घालणारा एक उपाय आहे खरा, तो १९११ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लिओनार्ड नूननं काढला: ज्या परागाचं वावडं, त्याचेच कण अल्प प्रमाणात टोचत जायचे, म्हणजे पंचायतीला पाहुण्याची सवय होते. २०१५ साली लंडनच्याच एका अभ्यासात धोक्यातल्या ६४० तान्ह्यांपैकी निम्म्यांना लवकरच शेंगदाण्याचे पदार्थ चाखवले, निम्म्यांना शेंगदाण्यापासून लांब ठेवलं. वावडं झालं ते मुख्यतः लांब ठेवलेल्यांना. शुद्ध राहिलेल्यांना, म्हणा ना.

दहाव्या दिवशी मी निघालो. साडेचार किलो कमी, शिंका चोवीस. फाटकाशी एक मावशी गाजर गवत उपटत होत्या. तोंडाला पदर, हातांना दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधलेल्या, मनगटं लालभडक.

"काका, साहेबांना सांगा की हातमोजे द्यायला. लई खाजतं ओ."

मी परत आत गेलो, सांगितलं. तरुण डॉक्टर प्रेमानं म्हणाले, त्यांना म्हणावं, कडुनिंबाचं पाणी लावा. मी तो निरोप फाटकापाशी पोचवला.

"लावलं की ओ चार दिस. आणिकच चुरचुरलं."

ही हीलिंग क्रायसिस आहे, असं मावशींना समजावून सांगावं, असं क्षणभर मनात आलं. पण त्यांच्या हातात विळा होता.