मधुमेहाची दूरस्थ शुश्रूषा : पडद्यावरील आकड्यांपलीकडे पाहण्याची गरज

रायपूर : बस्तर विभागातील बिजापूर जिल्ह्यातील जांगला येथे १४ एप्रिल २०१८ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देशातील पहिल्या आरोग्य व निरामयता केंद्राचे उद्घाटन झाले. हीच केंद्रे आता आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखली जातात. मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांसारख्या आजारांवरील उपचार गावाच्या जवळ नेणे हा या केंद्रांचा एक प्रमुख उद्देश आहे. तज्ज्ञ डॉक्टर शहरात आणि रुग्ण दूरच्या पाड्यावर, अशी स्थिती असलेल्या छत्तीसगडमध्ये या दोघांना जोडण्याची जबाबदारी प्रामुख्याने परिचारिकेवर आली आहे. तिच्या हाती कोणती साधने आणि कोणती माहिती असावी, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

समस्येचा विस्तार मोठा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' अभ्यासाचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. या पूर्वावस्थेचे प्रमाण ग्रामीण आणि शहरी भागांत जवळपास सारखेच आढळले. मधुमेह हा केवळ शहरी सुखवस्तूंचा आजार आहे, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

उपकेंद्र पातळीवरील समुदाय आरोग्य अधिकारी हे पद मुख्यतः परिचर्येचे शिक्षण घेतलेल्यांकडे असते. आदिवासी व डोंगराळ भागात एका उपकेंद्राकडे साधारण तीन हजार लोकसंख्या असावी, असा निकष आहे. ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेद्वारे हे अधिकारी वरच्या केंद्रातील डॉक्टरांशी संपर्क साधतात. गावात त्यांच्या मदतीला मितानीन असते. छत्तीसगडने २००२ मध्ये सुरू केलेल्या या योजनेच्या अनुभवाचा उपयोग पुढे देशभरातील 'आशा' कार्यकर्तींची योजना आखताना झाला. थोडक्यात, दूरस्थ शुश्रूषेचा सांगाडा राज्यात उभा आहे.

या सांगाड्यात प्राण कशाने येतो, याचे उत्तर दोन भारतीय प्रयोगांतून मिळते. हरियाणा आणि कर्नाटकातील ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांवर झालेल्या 'एमवेलकेअर' चाचणीत परिचारिकांना टॅबलेटवर निर्णयसाहाय्य देणारी प्रणाली पुरविण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रक्तदाब व रक्तशर्करेच्या नियंत्रणात ही केंद्रे आणि केवळ प्रशिक्षण मिळालेली केंद्रे यांत लक्षणीय फरक पडला नाही. याउलट भारत व पाकिस्तानातील १० मधुमेह चिकित्सालयांमध्ये झालेल्या 'कार्स' चाचणीत अशाच प्रणालीच्या जोडीला रुग्णांचा सातत्याने पाठपुरावा करणारे समन्वयक नेमले होते. तेथे शर्करेसोबत रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलचेही उद्दिष्ट गाठणाऱ्या रुग्णांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत दुपटीहून अधिक होते. दोन्ही चाचण्यांची परिस्थिती वेगळी असल्याने थेट तुलना करता येत नाही. तरीही केवळ यंत्र पुरेसे नाही, रुग्णामागे माणूस उभा राहावा लागतो, असा संकेत त्यांतून मिळतो.

त्या माणसाने नेमके काय पाहावे, हे समजून घेण्यासाठी रोगप्रतिकारक पेशींवरील संशोधन उपयोगी पडते. जखम झाल्यावर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी प्रथम धावून येतात आणि जंतूंना गिळतात. त्यानंतर मॅक्रोफेज पेशी आधी दाह वाढवतात आणि काही दिवसांत भूमिका बदलून ऊतींच्या दुरुस्तीला लागतात. मधुमेहात हा क्रम बिघडतो. न्यूट्रोफिलची जंतू गिळण्याची क्षमता घटते. त्याच वेळी स्वतःच्या डीएनएचे जाळे बाहेर टाकण्याची त्यांची प्रवृत्ती वाढते आणि त्यामुळे जखम भरण्यास अडथळा येतो, असे २०१५ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकातील संशोधनाने दाखविले. मॅक्रोफेजही दाहाच्या अवस्थेतच अडकून राहतात. म्हणजे येथे प्रतिकारशक्ती केवळ दुबळी झालेली नसते. पेशी सक्रिय असतात, पण त्यांच्या कार्याची दिशा चुकलेली असते.

या बिघाडावर नेमका इलाज करणारी औषधे अद्याप मुख्यतः संशोधनाच्या टप्प्यात आहेत. गावपातळीवरील उपाय मात्र आजही उपलब्ध आहेत : जखम लवकर ओळखणे, ती स्वच्छ ठेवणे, पायावरील भार कमी करणे आणि संसर्ग दिसताच रुग्णाला पुढे पाठविणे. भातशेतीत अनवाणी काम करणाऱ्या रुग्णाच्या पायाची संवेदना गेली असेल, तर काटा रुतल्याचेही त्याला कळत नाही. ग्लुकोमीटरवर त्या दिवशीचा आकडा समाधानकारक असला तरी जखम चिघळत राहू शकते आणि प्रसंगी पाय गमावण्याची वेळ येते. दूरध्वनीवरील संभाषणात ही जखम दिसत नाही. त्यासाठी परिचारिकेने किंवा मितानीनने रुग्णाचे तळवे प्रत्यक्ष पाहावे लागतात.

क्षयरोगाबाबतही हेच खरे आहे. मधुमेही व्यक्तीला क्षयरोग होण्याचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट अधिक असतो. क्षयरुग्णांची मधुमेहासाठी आणि मधुमेहींची क्षयरोगासाठी तपासणी व्हावी, असा राष्ट्रीय आराखडा २०१७ पासून आहे. खोकला, ताप, घटणारे वजन याविषयीचे प्रश्न दूरस्थ पाठपुराव्याचा नित्याचा भाग झाल्यास या आराखड्याला अर्थ येईल.

छत्तीसगडपुढे आणखी एक अडचण आहे. गेल्या तीन महिन्यांतील सरासरी शर्करेचा अंदाज देणारी एचबीए१सी चाचणी लाल रक्तपेशींच्या आयुर्मानावर अवलंबून असते. सिकलसेल आजारात या पेशी लवकर नष्ट होतात आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. सिकलसेलच्या केवळ वाहक असलेल्यांमध्येही तो किंचित कमी येत असल्याचे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या अभ्यासात आढळले आहे. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या पंडुरोगात उलट आकडा फुगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ६० टक्के महिलांना रक्तक्षय आहे. सिकलसेलचा आढळ असलेल्या आणि रक्तक्षय सर्रास असलेल्या लोकसंख्येत केवळ या एका आकड्यावरून दूरवरच्या डॉक्टरने औषधाची मात्रा ठरविणे जोखमीचे आहे. उपाशीपोटी आणि जेवणानंतरच्या रक्तशर्करेची जोड त्याला हवीच.

यावरील मार्ग फार खर्चिक नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणी झालेल्यांना त्यांची स्थिती दर्शविणारे कार्ड दिले जाते. हीच नोंद मधुमेहाच्या नोंदीशी जोडली, तर सल्ला देणाऱ्या डॉक्टरला पडद्यावरच सावधगिरीची सूचना मिळेल. मात्र या अभियानाचा भर ४० वर्षांपर्यंतच्या वयोगटावर आहे, तर मधुमेहाचे बहुतांश रुग्ण त्यापुढील वयाचे असतात. त्यामुळे मधुमेहींची स्वतंत्र सिकलसेल तपासणीही विचारात घ्यावी लागेल.

रुग्णाच्या शरीरयष्टीचाही विचार आवश्यक आहे. गावात भरल्या जाणाऱ्या जोखीम-पत्रकात कमरेच्या घेराला गुण असतात. कुपोषणाशी निगडित मधुमेहाचा कृश रुग्ण तेथे सहज निसटू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वर्गीकरणातून वगळलेल्या या प्रकाराला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने एप्रिल २०२५ मध्ये 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. त्यामुळे आता त्याकडे नव्याने पाहावे लागेल.

हे प्रश्न राज्याच्या सीमेवर थांबत नाहीत. छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली आणि गोंदिया जिल्ह्यांतही सिकलसेल, क्षयरोग आणि दुर्गमता यांची हीच सांगड आहे. दोन्ही राज्यांनी आपले अनुभव परस्परांना दिल्यास लाभ दोघांचाही होईल.

दूरस्थ शुश्रूषेचे यश आजवर झालेल्या सल्ल्यांच्या संख्येत मोजले गेले आहे. ही संख्या आवश्यक आहे, परंतु पुरेशी नाही. किती रुग्णांचे पाय वर्षातून एकदा तरी तपासले गेले, किती जखमा वेळेत पुढे पाठविल्या गेल्या आणि किती जणांचे अवयव वाचले, हे आकडे तिच्या शेजारी मांडले गेले पाहिजेत. त्यासाठी परिचारिकेला मोबाइलवरील प्रणालीइतकाच वेळ, प्रशिक्षण आणि रुग्णाच्या दारापर्यंत जाण्याची सोय द्यावी लागेल.