कॅरिबियन सागरसफर : तिकिटापूर्वीचे बोलणे

आपल्यापैकी ज्यांनी 1971 साली रेडिओला कान लावून वेस्ट इंडिजमधील कसोटी सामन्यांची वर्णने ऐकली असतील, त्यांना किंग्स्टन, ब्रिजटाऊन, पोर्ट ऑफ स्पेन ही नावे नवी नाहीत. वाडेकरांचे नेतृत्व, सरदेसाईंच्या 642 धावा आणि पहिल्याच मालिकेत 774 धावा काढणारे सुनील गावसकर. त्या बेटांशी आपल्या पिढीचे नाते हे असे आहे. आता अमेरिकेत स्थायिक झालेली मुले आईवडिलांना सहा महिन्यांसाठी बोलावतात आणि मुक्कामात एक ‘क्रूझ’ ठरवून टाकतात. बहुतेकदा ती फ्लॉरिडातून निघणारी कॅरिबियन सागरसफर असते, आणि पुष्कळदा ती आईवडिलांना आश्चर्याचा धक्का म्हणून दिलेली भेट असते.

माझे स्पष्ट मत असे, की साठी उलटलेल्या माणसाला या सफरीचा धक्का देऊ नये. तिकीट काढण्यापूर्वी दोन्ही पिढ्यांनी एकदा समोरासमोर बसावे. मुलांनी विचारावे, आणि आईवडिलांनी खरे सांगावे. सलग किती पावले चालवते? रात्री किती वेळा उठावे लागते? गेल्या वर्षभरात कधी तोल गेला का? आपली पिढी या प्रश्नांना ‘काही नाही रे, ठीक आहे’ असे उत्तर देते. मुलांचा हिरमोड होऊ नये एवढाच त्यामागचा हेतू असतो; पण हे लपवलेले गुडघे आणि लपवलेला दम भर समुद्रात उघडे पडतात, आणि तिथून गाडी वळवून घरी येता येत नाही. घरातील जो सदस्य सर्वांत कमी चालू शकतो, त्याच्या पायांच्या मापाने सफर बेतावी. बाकीचे तिच्यात सुखाने सामावतात.

प्रथम काळाचा विचार. आपल्याकडचा उन्हाळा चुकवून मे महिन्यात अमेरिकेला जायचे आणि दिवाळीच्या आसपास परतायचे, हा अनेकांचा रिवाज. नेमका हाच काळ अटलांटिकमधील चक्रीवादळांचा असतो : 1 जून ते 30 नोव्हेंबर, आणि त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जोर अधिक. म्हणून जहाज बुडेल अशी धास्ती घेण्याचे कारण नाही. वादळाचा अंदाज आधी येतो आणि जहाज वाट बदलते. परंतु वाट बदलली की ठरलेली बेटे गळतात, परतीचा दिवस लांबू शकतो आणि खवळलेल्या पाण्यात जहाज हलते. कंपन्या वेळापत्रक बदलण्याचा अधिकार स्वतःकडे राखून ठेवतात. शक्य असल्यास मे महिन्यातच सफर उरकावी. उशीर होणारच असेल तर विमा आरंभीच घ्यावा. वादळाला नाव मिळाल्यानंतर घेतलेला विमा त्या वादळाच्या नुकसानीस सहसा लागू होत नाही.

मार्ग निवडताना बेटांची नावे वाचून भुलू नये. फ्लॉरिडाहून निघणाऱ्या पश्चिम फेरीत मेक्सिकोतील कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका अशी ठिकाणे येतात. पूर्व फेरीत बहामाज, सेंट थॉमस, सेंट मार्टेन. जमैकाला गेलो म्हणजे सबिना पार्क पाहू, असे मनात धरणाऱ्यांनी नकाशा उघडावा. पर्यटक जहाजे प्रायः उत्तर किनाऱ्यावरील फालमाउथ, ओचो रियोस किंवा माँटेगो बे येथे लागतात. किंग्स्टन दक्षिणेला राहते. ब्रिजटाऊनचे केन्सिंग्टन ओव्हल डोळ्यांनी पाहायचेच असेल तर दक्षिण कॅरिबियनची फेरी शोधावी. त्यातल्या बऱ्याच पोर्तो रिकोतील सान हुआन किंवा खुद्द बार्बाडोसहून निघतात.

नावांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे : जहाज धक्क्याला लागते की दूर नांगर टाकते? ग्रँड केमनला प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. हलणाऱ्या जहाजातून हलणाऱ्या बोटीत पाय टाकणे हे सांधे बदललेल्या किंवा काठी वापरणाऱ्या माणसासाठी मुळीच सोपे नाही, आणि समुद्र अशांत असेल तर चाकाच्या खुर्चीला मनाई होऊ शकते. कोझुमेलला जहाज धक्क्याला लागते, उतरणी असते, खुर्ची ढकलत जाता येते. ही एक चौकशी आधी केली तर आजोबा खिडकीपाशी आणि बाकी सारे किनाऱ्यावर, असा प्रसंग टळतो.

कागदपत्रांबाबत एक गैरसमज ऐकू येतो. अमेरिकेतून निघून त्याच बंदरात परतणाऱ्या फेरीवर ‘पासपोर्ट लागत नाही’ असे मुलांचे मित्र सांगतात. ती सवलत अमेरिकन नागरिकांसाठी आहे. आपल्याला भारतीय पासपोर्ट हवाच, आणि अमेरिकेचा व्हिसा अनेकदा प्रवेश देणारा व परतीच्या दिवशीही वैध असलेला हवा. कारण परत येताना तुमची पुन्हा तपासणी होते. त्या वेळी मुक्कामाचे नवे सहा महिने मिळतील असे गृहीत धरू नये. वैध अमेरिकन व्हिसा असल्यास मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण प्रत्येक बेटाचा नियम स्वतंत्र असतो. भारतीय पासपोर्टचा उल्लेख करून कंपनीकडून लेखी उत्तर मागवावे. कागद अपुरे निघाले तर बंदरावरूनच परत फिरावे लागते आणि पैसेही बुडतात. मार्गात त्रिनिदाद, पनामा किंवा कोलंबियातील कार्ताहेना असेल तर पीतज्वराच्या लसीविषयी डॉक्टरांशी बोलावे. साठीनंतर ही लस सरसकट देत नाहीत, तिचे गंभीर दुष्परिणाम या वयात अधिक संभवतात. तेव्हा लस घेण्यापेक्षा मार्ग बदलणे अनेकदा शहाणपणाचे ठरते.

आता औषधे. या एका विषयावर मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण चूक नेमकी इथेच होते. बंदरावर पोहोचताच हमाल मोठ्या बॅगा ताब्यात घेतात. त्या तपासून केबिनपर्यंत यायला संध्याकाळ, कधी रात्रही होते. माझ्या परिचयातील एका गृहस्थांची इन्शुलिनची पेटी अशीच मोठ्या बॅगेतून गेली. दुपारी भरपूर जेवण झाले, आणि औषध मात्र सात मजल्यांच्या पोटात कुठेतरी. त्यांच्या पत्नीने ती दुपार कशी काढली ते त्याच सांगू शकतील. म्हणून औषधे, ग्लुकोमीटर, चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या आणि एक सुती कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत असावा. सफर सात दिवसांची तर औषधे किमान दहा दिवसांची घ्यावीत, मूळ वेष्टनात. सोबत डॉक्टरांचे पत्र, ज्यात औषधांची केवळ व्यापारी नावे न लिहिता मूळ नावे लिहिलेली असतील. आपल्याकडचे गोळीचे व्यापारी नाव जहाजावरील डॉक्टरला काहीच सांगत नाही. शेवटचा ईसीजी काढलेला असेल तर त्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवावी. नवा ईसीजी जुन्याशी ताडून पाहता येणे हे छातीत दुखत असताना फार मोलाचे असते.

केबिनमधील छोटा फ्रिज इन्शुलिनसाठी भरवशाचा नसतो. तो पुष्कळदा शीतपेये गार ठेवण्यापुरताच असतो. आरक्षण करतानाच औषधांसाठी योग्य फ्रिज आणि वापरलेल्या सुया टाकण्याची डबी मागून घ्यावी. झोपेत श्वासासाठी यंत्र लावणाऱ्यांनी शुद्ध केलेले पाणी आणि लांब वायर यांची मागणीही तेव्हाच नोंदवावी. घरची विजेची पट्टी, किटली, इस्त्री जहाजावर चढू देत नाहीत. चहाचे साहित्य घेऊन निघालेल्या मावशींची इथे निराशा होईल, त्याला इलाज नाही.

जहाजावर दवाखाना असतो. डॉक्टर आणि परिचारिका असतात, ईसीजी निघतो, सलाइन लावता येते, काही रक्ततपासण्या होतात. मात्र ते रुग्णालय नव्हे. गंभीर रुग्णाला स्थिर करून पुढच्या बंदरावर उतरवणे, अगदी निकड असल्यास हेलिकॉप्टरने हलवणे, हेच त्यांचे काम. प्रत्येक तपासणीचे शुल्क तुमच्या खात्यावर चढते. पैसे आधी तुम्ही भरायचे, विम्याचा दावा मागाहून. विमा पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात : तो अमेरिकेबाहेर, म्हणजे समुद्रात आणि बेटांवर, लागू आहे का; जुन्या आजाराच्या अचानक बळावण्याचा त्यात समावेश आहे का; आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च, जो हजारो डॉलरच्या घरात जातो, तो भरून मिळेल का. मुक्कामासाठी घेतलेला ‘व्हिजिटर’ विमा या तिन्ही कसोट्यांना उतरेलच असे नाही.

बोट लागेल का, ही भीती बहुतेकांना असते. मोठ्या जहाजात ती कमी. तरीही केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यभागी घ्यावी, तिथे हेलकावे कमीत कमी जाणवतात. मळमळ वाटू लागल्यास उघड्यावर येऊन क्षितिजाकडे पाहावे, पोट रिकामे ठेवू नये, आलेपाकाची वडी चघळावी. कानामागे लावायची पट्टी मात्र शेजारच्या काकूंना लागू पडली म्हणून स्वतः लावू नका. काचबिंदू आणि प्रोस्टेटची वाढ असणाऱ्यांना ती त्रासदायक ठरू शकते, आणि वृद्धांमध्ये तिने भ्रम होऊ शकतो. प्रवासासाठी घरोघरी असणाऱ्या ॲव्होमीनच्या गोळीनेही झोप येते आणि तोल जातो. जी गोळी घ्यायची तिची परीक्षा घरी, डॉक्टरांना विचारून, आधीच घ्यावी.

पोट बिघडवणारा नोरोव्हायरस जहाजांवर अधूनमधून डोके वर काढतो. दारापाशी ठेवलेले सॅनिटायझर त्याच्यावर पुरेसे प्रभावी नाही. साबण आणि वाहते पाणी हाच उपाय. बुफेतील सामायिक डाव हाताळल्यानंतर आणि जेवायला बसण्यापूर्वी हात धुवावेत. अमेरिकेची सीडीसी ही संस्था तिथल्या बंदरांत येणाऱ्या जहाजांची स्वच्छता तपासून शंभरपैकी गुण जाहीर करते. 85 किंवा त्याहून कमी म्हणजे अनुत्तीर्ण. जहाज निवडताना नातवाला हे गुण पाहायला सांगावे. शाकाहारी, जैन किंवा कमी मिठाचे जेवण हवे असल्यास तेही आरक्षणाच्या वेळीच कळवावे. अनेक जहाजांवर भारतीय शाकाहारी पदार्थ मिळतात. रात्रीच्या जेवणासाठी लवकरची पंगत निवडावी. मधुमेहाची गोळी घेऊन आठ वाजेपर्यंत ताटकळणे बरे नव्हे. किनाऱ्यावर उतरताना बंद वेष्टनातील बिस्किटे आणि पाणी जवळ असावे. कापलेली फळे वा शिजवलेले अन्न बेटावर नेऊ देत नाहीत. ऊन आपल्या कोकणकिनाऱ्यासारखेच, पण गार वाऱ्यामुळे ते जाणवत नाही. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना अशा उन्हात लवकर चक्कर येते. डास चावू नयेत म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत; डेंग्यू तिथेही आहे.

केबिनविषयी सांगायचे तर सामान्य केबिनच्या न्हाणीघराला उंच उंबरठा असतो, आणि रात्री अडीच वाजता तोच पायात येतो. चालण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी रुंद दाराच्या, आधाराचे दांडे असलेल्या, उंबरठा नसलेल्या केबिन असतात. त्या थोड्या असल्याने लवकर संपतात. आतल्या बाजूच्या स्वस्त केबिनमध्ये दिवा मालवला की मिट्ट काळोख होतो, दिवस उजाडल्याचेही कळत नाही. बॅटरीवर चालणारा लहानसा रात्रदिवा सोबत घ्यावा.

ज्यांच्या घरी विस्मरणाचा रुग्ण आहे, त्यांनी खिडकी किंवा गॅलरी असलेलीच केबिन घ्यावी, खर्च वाढला तरी. दिवस-रात्र कळणे अशा माणसाला फार आवश्यक असते. जहाजाच्या लांबलचक मार्गिकांत सगळी दारे एकसारखी दिसतात. आपले दार ओळखण्यासाठी त्यावर घरातील ओळखीचे चित्र लोहचुंबकाने लावावे, दारे बहुधा पोलादी असल्याने ते चिकटते. मनगटावर नाव आणि केबिन क्रमांकाची पट्टी असावी. आजार बराच पुढे गेला असेल, रात्री उठून चालू पडण्याची सवय असेल, तर ही सफर करू नये असेच मी म्हणेन. घरातील इतरांनी जायचे ठरवल्यास त्या माणसाची व्यवस्था घरी करावी आणि अपराधी वाटून घेऊ नये. आणखी एक गोष्ट मुलांच्या कानावर घालतो : नातवंडांना सांभाळायला मिळाले म्हणून आजी-आजोबांना नेणार असाल तर तसे आधी सांगा. त्यांनाही कुणी तरी एक संध्याकाळ मोकळी ठेवली पाहिजे.

बेटावरील घड्याळ आणि जहाजाचे घड्याळ यांत कधीकधी तासाचा फरक असतो. परतण्याची वेळ जहाजाच्या घड्याळाने पाळावी. कंपनीने आयोजित केलेल्या भ्रमंतीला उशीर झाला तर जहाज वाट पाहते, तुम्ही स्वतः ठरवलेल्या टॅक्सीसाठी ते थांबत नाही. बंदराच्या शहरी आदल्या दिवशीच पोहोचून एक रात्र विश्रांती घ्यावी.

आणि शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या सकाळी थेट बंदरावर भेटतात. त्या बाहेर ठेवण्यापूर्वी सकाळच्या गोळ्या, दातांची कवळी आणि घालायचे कपडे आत राहिले ना, हे एकदा पाहून घ्यावे.