कापूस गेला, कागद कुठे आहे?



बैठक संपली की कोणीतरी मागे थांबतो आणि खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढतो. डायरीचे फाडलेले पान असते. त्यावर वजन, भाव आणि बेरीज असे तीन आकडे असतात. सही नसते, शिक्का नसते, तारीखही नसते. "पंधरा दिवसांत देतो म्हणाला होता," एवढेच तो सांगतो. पंधरा दिवसांचे चार महिने झालेले असतात. व्यापारी आधी फोन उचलतो, मग उचलत नाही, मग नंबरच बंद होतो. गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, कुठेही जा. गाव बदलते, चिठ्ठी तीच असते.

या चिठ्ठीवाल्या शेतकऱ्याला सगळे एकच विचारतात, "एवढा विश्वास कशाला ठेवलास?" हा प्रश्न आम्हाला मान्य नाही. तो विश्वासाने कमी आणि नाइलाजाने जास्त विकतो. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली पुष्कळ घरे कोयता घेऊन बाहेर पडण्याच्या तयारीत असतात. पहिल्या वेचणीचा कापूस घरात ठेवायला जागा नाही, राखण करायला माणूस नाही. बियाणे-खताची उधारी ज्याच्याकडे, बहुधा तोच दारात काटा घेऊन उभा. अशा वेळी "पावती दे" म्हणायला जीभ रेटत नाही. ही खेडा खरेदी गरजेतून चालते, आणि लबाड माणूस नेमकी हीच गरज हेरतो.

पण एक गोष्ट सरळ समजून घ्या. उधार माल देणारा शेतकरी हा त्या व्यापाऱ्याचा सावकार असतो. हिशेब करून पाहा. वीस क्विंटल कापूस, भाव सात हजार, म्हणजे एक लाख चाळीस हजार रुपये. तुम्ही ते चार महिने त्याला बिनव्याजी वापरायला दिले. हीच रक्कम तुम्ही खाजगी सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्याने आणली असती, तर चार महिन्यांचे व्याज 16,800 रुपये झाले असते. शिवाय क्विंटलमागे किलोभर कट्टी कापली असेल, तर वीस किलोचे 1,400 रुपये वेगळेच गेले. म्हणजे पैसे बुडाले नाहीत, नुसते उशिरा मिळाले, तरी एका एकराचा खर्च हातचा गेला.

आणि हा सावकार कसा? बिनव्याजी, बिनतारणी, बिनकागदी! सोसायटी कर्ज देते तेव्हा सातबारा घेते. बँक सह्यांवर सह्या घेते. मुकादम उचल देतो तेव्हा अंगठा घेतो. आम्हाला पैसा देणारा प्रत्येकजण आधी कागद करतो. आम्ही मात्र वर्षभराचा घाम दुसऱ्याच्या टेम्पोत भरतो आणि रिकाम्या हाताने घरी येतो.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. आसपासच्या पुणे-नगर भागात ते लोण पसरले. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या लोकांचा राग माणसांपेक्षा कागदांवर होता, कारण कागदच त्यांची जमीन खात होते. शिकण्यासारखी गोष्ट अशी की ज्याच्या हातात कागद, त्याच्या हातात जोर. तेव्हा कागद सावकाराकडे होता. आज आम्ही देणेकऱ्याच्या जागेवरून घेणेकऱ्याच्या जागेवर आलो, तरी आमच्या हातात कागद नाही.

चुकारे थकण्याचे दुखणे खाजगी व्यापाऱ्यापुरते नाही. 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. तेव्हा तर दुसऱ्याला विकायलाच बंदी, आणि सरकार पैसे द्यायचे हप्त्याहप्त्याने. 2002 च्या सुमारास ती मक्तेदारी मोडली, वाट मोकळी झाली. ते चांगलेच झाले. पण बाजार मोकळा होणे वेगळे आणि बाजारात दाद मिळणे वेगळे. दिलेला शब्द मोडणाऱ्याला शासन होत नसेल, तर मोकळा बाजार म्हणजे चोराला मोकळे रान.

दाद मागितली तर मिळते, याचे दाखले आहेत. 2020 च्या केंद्रीय कायद्यात शेतकऱ्याचे पैसे त्याच दिवशी, किंवा फार तर तीन कामाच्या दिवसांत देण्याची अट होती आणि तंटा प्रांताधिकाऱ्याकडे नेता येत होता. धुळे जिल्ह्यातल्या एका मका उत्पादकाचे पैसे शेजारच्या मध्य प्रदेशातील व्यापाऱ्यांनी चार महिने अडकवले होते. त्याने तिथल्या प्रांताकडे अर्ज केला आणि पैसे वसूल झाले. तो कायदा 2021 मध्ये रद्द झाला. त्या कायद्यांबद्दल मते वेगळी असू शकतात. पण तालुक्याच्या पातळीवर, ठरल्या मुदतीत निवाडा, ही गोष्ट टाकून देण्यासारखी नव्हती. 2020 मध्येच नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी व्यापाऱ्यांनी फसवलेल्या शेतकऱ्यांच्या तक्रारी घेण्याची मोहीम काढली. गुन्हे दाखल होऊ लागताच अनेक व्यापारी द्राक्षाचे थकलेले पैसे घेऊन आपणहून पुढे आले. म्हणजे पैसे होते, देण्याची भीती तेवढी नव्हती. आपल्याकडे ठाण्यात गेले की "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा," असे सांगून परत पाठवतात. पहिल्यापासून फसवण्याच्या इराद्याने माल उचलला असेल, तर ती नुसती दिवाणी बाब राहत नाही. तो फसवणुकीचा गुन्हा आहे.

आता आजच्या कायद्यात आपल्या हाती काय आहे ते पाहू. बाजार समितीत परवानाधारक व्यापाऱ्याला माल विकला, तर पैसे त्याच दिवशी चुकते करण्याचा नियम आहे. मोघम कट्टीला तिथे थारा नाही. तंटा झाला तर समितीकडे आणि जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. सीसीआयला कापूस दिला तर पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये आणि मध्यम धाग्याचा 7,710 रुपये होता. पण त्यासाठी मोबाईलवर आगाऊ नोंदणी लागते आणि ओलावा आठ ते बारा टक्क्यांच्या आत असावा लागतो. म्हणून वेचणी दव उतरल्यावर करा, कापूस उन्हात पसरा, कवडी वेगळी काढा. पाणी मारून वजन वाढवणारा शेतकरीही आपल्यात आहे. त्याच्या एका गोणीमुळे साऱ्या गावाच्या कापसाला कट्टी लागते. व्यापाऱ्याला जाब विचारायचा तर आपला माल चोख हवा.

धनादेश घेतला असेल तर तारखा पाठ करा. धनादेशावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरा. न वटता परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस पाठवा. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात फिर्याद करा. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. 2015 च्या दुरुस्तीमुळे ही फिर्याद तुमचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात करता येते. व्यापाऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. "आज भरू नका, पुढच्या आठवड्यात भरा," असे तो म्हणत राहतो, ते ही मुदत संपावी म्हणूनच.

मोबाईलवरच्या फसवणुकीची तऱ्हा वेगळी, पण मूळ तेच. पैसे पाठवल्याचे चित्र दाखवून माल नेणारे आता ज्वारीच्या कट्ट्यांना आणि शेळ्या-बैलांनाही गिऱ्हाईक म्हणून येतात. चित्र म्हणजे पैसे नव्हेत. खात्यात जमा झालेले स्वतः पाहा, मगच कासरा सोडा. "पैसे पाठवतो, हा चौकोन स्कॅन करून पिन टाका," असे कोणी म्हटले तर तो चोर समजा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. फसलात तर त्याच तासाला 1930 वर फोन करा, कारण रक्कम पुढे सरकली की हाती लागणे कठीण.

सगळे व्यापारी लबाड आहेत असे आम्ही म्हणत नाही. चोख व्यवहार करणारे पुष्कळ आहेत, आणि पावतीने त्यांचे काहीच बिघडत नाही. पावती म्हटल्यावर ज्याचा चेहरा पडतो, त्याच्यापासून जपा.

म्हणून या हंगामासाठी प्रत्येक गावाच्या शाखेने तीन ठराव करावेत. पहिला, पावतीशिवाय काटा नाही: व्यापाऱ्याचे नाव, परवाना क्रमांक, वजन, भाव, पैसे देण्याची तारीख आणि सही. परवाना नसेल तर उधारी नाही. दुसरा, एकाचे पैसे कागदोपत्री थकले, तर ते मिळेपर्यंत त्या व्यापाऱ्याला गावातले एक बोंडही नाही. तिसरा, परवानाधारक व्यापाऱ्यांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी आणि थकलेल्या चुकाऱ्यांच्या तक्रारी पोलीस ठाण्यात नोंदवून घ्याव्यात, या मागणीचा अर्ज जिल्हा उपनिबंधक आणि पोलीस अधीक्षक यांच्याकडे द्यावा.

एकटा शेतकरी पावती मागतो तेव्हा व्यापारी दुसऱ्या दारात जातो. साऱ्या गावाने मागितली तर त्याला जायला दुसरे दार उरत नाही. घामाचे दाम मिळवण्याची लढाई भाव ठरला म्हणजे संपत नाही. पैसा हातात पडेपर्यंत ती चालूच असते. पुढच्या बैठकीला येताना ती जुनी चिठ्ठी बरोबर आणा. कोणाचे किती थकले आहेत, ते आधी एका वहीत लिहून काढू.