प्राणवायूचा वाटा : भिलाई आणि विदर्भ

महामारीच्या इतिहासात मृत्यूंचे आकडे नोंदले जातात. एका प्रदेशाचे प्राण दुसऱ्या प्रदेशाच्या श्रमावर कसे अवलंबून होते, याची नोंद मात्र क्वचितच राहते. भिलाईचा २०२१ मधील अनुभव या दृष्टीने विचारार्ह आहे.

लोहरसातील कर्ब जाळून पोलाद करण्यासाठी प्राणवायू लागतो. त्यामुळे हवेतून तो वेगळा करण्याची यंत्रणा पोलाद कारखान्याच्या निकट असतेच. भट्टीसाठी उभी असलेली ही शक्ती कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांकडे वळली. ६ एप्रिल २०२१ पासून दुर्ग जिल्ह्यात टाळेबंदी होती, आणि भिलाई त्याच जिल्ह्यात आहे. बाजार बंद करता येतो. झोतभट्टी सहजासहजी विझविता येत नाही. 'घरीच राहा' या आदेशाच्या काळातही कामगारांची पाळी चुकली नाही.

या प्राणवायूवर विदर्भाची रुग्णालये विसंबून होती. त्याच एप्रिलमध्ये केंद्राने भिलाईहून येणारा दैनंदिन वाटा ११० टनांवरून ६० टनांवर आणला. तो पूर्ववत करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला द्यावा लागला. देशभर मागणी उसळली असता कोणीतरी वाटप करणे आवश्यकच होते, हा केंद्राच्या बाजूचा युक्तिवाद निराधार नाही. परंतु अंतर, टँकरांची उपलब्धता आणि रुग्णसंख्या यांवर आधारलेले निकष आधी ठरवून जाहीर करण्यास पहिल्या लाटेनंतर अवधी मिळाला होता. तो वाया गेल्यामुळेच वैद्यकीय गरजेचा निवाडा न्यायासनापुढे गेला. छत्तीसगडमध्येही तेच घडले. मे २०२१ मध्ये अठरा ते चव्वेचाळीस वयोगटात अंत्योदय कार्डधारकांना प्रथम लस देण्याचे राज्याने ठरविले. दुर्बलांना अग्रक्रम देण्याचा हेतू स्तुत्यच होता. पण इतरांच्या वाट्याचा विचार न झाल्याने उच्च न्यायालयाने हरकत घेतली आणि मधल्या काळात त्या गटाचे लसीकरणच थांबले.

या कारभाराचा एक आधार असलेला साथरोग कायदा १८९७ चा, मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळचा. तो शासनाला अधिकार देतो. रुग्णाला शासनाकडून काय मिळावयास हवे, याविषयी तो मौन पाळतो. पुण्यात लोकांचा रोष शासनाचा हात घरात शिरल्याबद्दल होता. २०२१ मध्ये तक्रार होती ती हा हात वेळेवर न पोहोचल्याची. सव्वाशे वर्षांत गाऱ्हाणे उलटले, कायद्याची मूळ वृत्ती मात्र तीच राहिली. पुरवठ्याचे दायित्व कायद्यातच नमूद होणे, हाच यावरील उपाय होय.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांपुढेही यातून एक काम उभे राहते. पुण्याच्या प्लेगची स्मृती मराठीने जपली, कारण पीडित आणि लेखक एकाच भाषेचे होते. येथे श्वासासाठी झगडणारा रुग्ण मराठी बोलत होता आणि त्याच्यासाठी पाळीवर जाणारा कामगार छत्तीसगढी वा हिंदी. दोन्हीकडच्या आठवणी एकत्र वाचल्या गेल्या नाहीत, तर या महामारीचे वाङ्मय अर्धेच राहील.