अण्णांची खंडेनवमी

गाडीचा आकडा ९९९ वरून १००० वर गेला तेव्हा सदरकार कुवेतमधल्या सबाह अल-सालेममध्ये स्वतःच्याच इमारतीभोवती पार्किंगसाठी चौथी फेरी मारत होता. नवी गाडी पाडव्याला घेतलेली. हजार झाल्याचं कळताच अख्ख्या इमारतीला त्याच्या इंजिनाची काळजी लागली. एवढी काळजी त्याच्या रक्तदाबाची कधी कोणी केली नव्हती.

तिसऱ्या मजल्यावरचे कोल्हापूरकर म्हणाले, “हजारला ऑइल काढून टाकायचं, डोळे झाकून.” समोरचे नागपूरकर पाच हजारांवर ठाम. खालच्या बकाल्यातल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, केरळी मालकाने दहा हजार सांगितले, आणि त्याच्याकडे गाडीच नाही. गॅरेजवाल्याने तर बॉनेट उघडण्याआधीच निकाल दिला, “सदीक (मित्रा), नया इंजिन लोहा छोडता है. निकाल दो.”

वस्तुस्थिती एका परिच्छेदात उरकू. पूर्वी सिलिंडरचं घासकाम जाडंभरडं असे. नवं इंजिन पहिल्या काही शे किलोमीटरांत स्वतःच घासून बसे आणि तो चुरा ऑइलमध्ये उतरे, म्हणून पाचशे-हजारला ऑइल बदलत. आता ते काम कारखान्यातच बारीक होतं. होंडा तर सांगते, की कारखान्यात भरलेलं ऑइल मुदतीआधी काढू नका. हजार किलोमीटरची पहिली फुकट सर्व्हिस असते, पण ती मुख्यतः तपासणीची. आजकाल बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष अशी मुदत असते, यातलं जे आधी येईल ते. त्याखाली बारीक टायपात आणखी एक ओळ असते. धूळ, कडक ऊन, छोट्या फेऱ्या आणि गाडी उभी असताना चालू इंजिन, असा वापर असेल तर ऑइल लवकर बदला. कितीतरी गाड्यांना ही मुदत थेट निम्म्यावर येते.

ही ओळ वाचून सदरकाराला वाटलं, पुस्तक लिहिणारा कुवेतला राहून गेला असावा. २१ जुलै २०१६ रोजी इथल्या मित्रिबाह केंद्रावर ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेने ते २०१९ मध्ये ग्राह्य धरलं. तौज, म्हणजे इथलं धुळीचं वादळ, सुटलं की सकाळी गाडीचा रंग कोणता ते बोट फिरवूनच कळतं. एअर फिल्टरमधून निसटलेले वाळूचे बारीक कण सिलिंडरला पॉलिश पेपरसारखे घासत बसतात.

पण खरा निकाल पुस्तकाने नाही, अण्णांनी दिला. अण्णा म्हणजे सदरकाराचे सासरे, एस.टी.च्या सांगलीकडच्या एका डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला सुटली, ही तारीख ते लग्नाच्या वाढदिवसापेक्षा पक्की सांगतात. कुवेत बघायला म्हणून आले आणि तीन आठवड्यांत त्यांनी जे पाहिलं ते बहुतेक बॉनेटखाली.

सकाळी इंजिन गार असताना त्यांनी ऑइलची पट्टी ओढली, धोतराच्या सोग्याला पुसायला गेले आणि सौ. ओरडल्यावर फडक्याला पुसली. पुन्हा बुडवली, काढली. एक थेंब अंगठा नि तर्जनीत घेऊन सावकाश चोळला, नाकाशी नेला.

“खर लागत नाही. पेट्रोलचा वास नाही. थांबा, जावईबापू.”

“पण अण्णा, काळपट दिसतंय.”

“काळं होणं हे ऑइलचं कामच आहे. इंजिनातली घाण ते पोटात घेतं. भांडी घासल्यावर पाणी स्वच्छ राहिलं, तर भांडी घासलीच नाहीत म्हणायचं.”

मग त्यांनी डबा वाचायला घेतला. झिरो डब्ल्यू ट्वेंटी. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीत ऑइल किती पातळ राहतं त्याचा आकडा, असं कळल्यावर अण्णा खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहून बराच वेळ हसत राहिले.

दुपारी नातवाला आणायला मंगफकडे निघाले तेव्हा अण्णा शेजारी बसले. शाळेबाहेर गाड्यांची रांग. साऱ्यांच्या काचा वर, एसी सुरू, इंजिन सुरू. उन्हाळ्यात दुसरं करणार काय! अण्णांनी मनगटावरचं एचएमटी पाहिलं, मग गाडीचा आकडा. चाळीस मिनिटांनी नातू आला. आकडा होता तिथेच.

“एवढा वेळ इंजिन फिरलं, ते कोणाच्या खात्यावर लिहायचं?”

सदरकाराने घरी येऊन शोधलं. फोर्ड कंपनी गाडी उभी ठेवून तासभर इंजिन चालवणं ३३ मैलांच्या, म्हणजे ५३ किलोमीटरच्या बरोबरीचं धरते. चाळीस मिनिटांचे झाले पस्तीस किलोमीटर. महिन्याचे शाळेचे वीस दिवस धरले, तर सातशे. गाडी कुठेही न जाता महिन्याला सातशे किलोमीटर! अंतर पाहिलं तर सांगलीहून मुंबईला जाऊन परत यावं जवळजवळ तेवढं. एक भडंगाची पुडीसुद्धा न आणता.

तेव्हापासून अण्णा कोणालाही किलोमीटर विचारत नाहीत. लिफ्टमध्ये कोल्हापूरकर भेटले, त्यांना विचारलं, “उभे किती वेळ असता रोज?” ते पाठदुखीबद्दल सांगू लागले.

ऑइल कधी बदलायचं याचा फैसला जाण्याच्या आदल्या दिवशी झाला. किलोमीटर सोडा, तिथी धरा, असं अण्णांचं म्हणणं. डेपोत खंडेनवमीला पान्ह्यांपासून जॅकपर्यंत सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लागायचं. त्या आठवड्यात ऑइल आणि फिल्टर, खालच्या नटाचं वायसरसुद्धा नवं. पुढचं थेट पाडव्याला. सौ.ने कालनिर्णयची पानं उलटली. आश्विनातली नवमी ते चैत्राची प्रतिपदा, सुमारे साडेपाच महिने. पुस्तकातल्या वर्षाच्या निम्म्याहून थोडे कमीच.

परवा सदरकार टायरची हवा तपासायला त्याच गॅरेजात गेला. काचेच्या कोपऱ्यात, जिथे बाकीच्यांच्या गाड्यांना किलोमीटरचा स्टिकर असतो, तिथे अण्णांनी बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘पुढील ऑइल – खंडेनवमी’. गॅरेजवाल्याने ती दोनदा निरखली.

“ये कितना किलोमीटर होता है, सदीक?”