भुताला चेहरा कोण देतो?



आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी मुले जमतात. कधी पाठांतर, कधी गोष्ट, कधी चित्रे. मागे एका रविवारी मी त्यांना एक रहस्यकथा सांगितली. कथा माझीच, साधीसुधी. लक्ष्मीपुरीतल्या एका धान्याच्या दुकानाचे कुलूप रात्री तुटते, गल्ला रिकामा होतो, आणि चोर निघतो तो दुकानमालकाचा सख्खा भाचा. शेवट सांगण्याआधी मी थांबलो आणि म्हणालो, "आता चोराचे चित्र काढा बघू."

मुलांनी मन लावून चित्रे काढली. कागद गोळा करून पाहिले, तर एक गोष्ट खटकली. जवळजवळ सगळ्यांचा चोर काळा. रात्रीचा अंधार म्हणून काळा म्हणावे, तर त्याच अंधारातला दुकानदार गोरा! चोराचे नाक बसके, ओठ जाड, केस पिंजारलेले, अंगात फाटका बनियन. "चोर असाच का रे?" असे विचारल्यावर एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा म्हणाला, "सर, चोर असाच असतोय की! पुस्तकात बघितलंय." त्या मुलाचे वडील हमाली करतात. उन्हाने रापलेला चेहरा, अंगात बनियन. आपण कोणाचे चित्र काढले, हे त्या पोराच्या गावीही नव्हते. माझ्या काळजात मात्र चर्र झाले.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे. गोष्टीतल्या चोराला, खुन्याला, भुताला चेहरा कोण देतो? लेखक बहुधा चार ओळींत आटोपतो. चेहरा देतो तो चित्रकार. आणि एकदा दिलेला चेहरा लेखकालाही पुसता येत नाही.

शेरलॉक होम्सचेच पाहा. कॉनन डॉइलच्या होम्सच्या लघुकथा १८९१ पासून लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात येऊ लागल्या आणि त्यांची चित्रे सिडनी पॅजेटने काढली. होम्स म्हटले की पुढे-मागे झाप असलेली ती टोपी आपल्या डोळ्यांपुढे येते. त्या टोपीचे नाव डॉइलने कुठेही लिहिलेले नाही. तिला होम्सच्या डोक्यावर पक्के बसवले ते पॅजेटने. डॉइलने आत्मचरित्रात सांगितले आहे की, त्याच्या मनातला होम्स इतका देखणा नव्हता. पॅजेटच्या हातून होम्स रुबाबदार झाला. वाचकांनी तोच खरा मानला.

नायक देखणा झाला तर कोणाचे नुकसान होत नाही. पण खलनायकाचे काय? सॅक्स रोमर नावाच्या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये फू मांचू नावाचा चिनी खलनायक पुस्तकरूपाने आणला. हनुवटीखाली लोंबणाऱ्या त्याच्या मिशा जगभर गाजल्या. वास्तविक कादंबऱ्यांतला फू मांचू बिनमिशांचा आहे. मिशा त्याला पडद्यावाल्यांनी आणि चित्रवाल्यांनी चिकटवल्या. त्या काळी परदेशात पोट भरायला गेलेल्या चिनी खलाशांकडे आणि धोब्यांकडे लोक संशयाने पाहतच होते. अशा चित्रांनी त्या संशयाला एक ठरीव तोंडवळा मिळाला.

सगळ्यांत बोलके उदाहरण फ्रँकेन्स्टाइनचे. मेरी शेली या तरुण लेखिकेची ही कादंबरी १८१८ साली निघाली. एक शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत माणूस घडवतो आणि त्याचे रूप पाहून स्वतःच पळून जातो. त्या जिवाला तो नावसुद्धा देत नाही. हा बेवारस जीव एका गरीब कुटुंबाच्या झोपडीशेजारी लपून राहतो. रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. त्यांचे बोलणे ऐकून भाषा शिकतो. एके दिवशी धीर करून घरात जातो. घरात आंधळा म्हातारा एकटाच असतो. तो त्याच्याशी मायेने बोलतो, कारण त्याला रूप दिसत नाही. तेवढ्यात डोळस मुलगा येतो आणि काठीने झोडपून त्याला हाकलतो. पुढे हा जीव सूडाने पेटतो, निरपराधांचे बळी घेतो. पण सुरुवात कुठून झाली, ते लेखिकेने स्पष्ट दाखवले आहे. रूप पाहून उंबऱ्याबाहेर काढणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आता चित्रांनी काय केले ते पाहा. १८३१ च्या आवृत्तीत थिओडोर फॉन होल्स्टने काढलेले चित्र होते. त्यात तो जीव धिप्पाड आणि भांबावलेला असला तरी माणूसच दिसतो. १९३१ साली हॉलिवूडचा चित्रपट आला. रंगभूषाकार जॅक पिअर्सने बोरिस कार्लॉफ या नटाला चपटे डोके आणि मानेतले खिळे दिले. पुस्तकात यातले काहीच नाही. पण आज लहान पोरालाही तेच रूप ठाऊक असते. आंधळ्या म्हाताऱ्याशी बोलू पाहणारा तो दुःखी जीव चपट्या डोक्यामागे झाकला गेला.

आपल्या मराठीतही रहस्यकथांचा मोठा जमाना होऊन गेला. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावे घरोघरी पोचली होती. शाळा अर्ध्यावर सुटलेली माणसेसुद्धा या पुस्तकांमुळे वाचती राहिली, हे त्यांचे ऋण नाकारता येणार नाही. या पुस्तकांची मुखपृष्ठे रंगवणाऱ्यांत सर्वांत गाजलेले नाव रघुवीर मुळगावकरांचे (१९१८–१९७६). मूळचे गोव्याचे हे चित्रकार देवादिकांच्या कॅलेंडरांसाठी जास्त प्रसिद्ध. म्हणजे भिंतीवरचे देव आणि उशाखालच्या पुस्तकावरचे दरोडेखोर एकाच कुंचल्यातून उतरलेले! देवाचा चेहरा काय आणि दुष्टाचा चेहरा काय, दोन्ही माणसाच्या हातून घडतात. ही एवढी गोष्ट मुलाला कळली तरी त्याची निम्मी भीती जाते.

भीती हाताने घडवता येते याचा दाखला आपल्या कोल्हापुरातच आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव हे मुळात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे कलावंत. आनंदराव गेल्यावर बाबूरावांनी जिद्दीने कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यातला भीमाने कीचकाचे मुंडके उडवल्याचा प्रसंग इतका हुबेहूब झाला होता की सेन्सॉरने तो कापायला लावला. रक्त खोटे, मुंडके खोटे, पण पाहणाऱ्यांचा थरकाप खरा. शंभर वर्षांपूर्वीची ही करामत कोल्हापूरच्या कारागिरांची. मुलांना जरूर सांगावी.

भुतांच्या चित्रांत तर आपल्याकडे आणखी एक मेख आहे. लोकसमजुतीतली भुते पाहा. मुंज झालेला मुलगा लग्नाआधी मेला तर तो मुंजा. ब्राह्मणाचा आत्मा अडकला तर तो ब्रह्मसमंध. परधर्मातला मेला तर तो खवीस. म्हणजे माणूस मेला तरी जात त्याचा पिच्छा सोडत नाही! चित्रकाराला बिचाऱ्याला शेंडी काढावी की दाढी, हे समाजाने आधीच ठरवून दिलेले असते.

आणि चेटकीण? पिकलेले मोकळे केस, वाकडे नाक, सुरकुतलेली एकटी म्हातारी. लहानपणापासून पाहिलेले हे चित्र वाचून झाल्यावर पुस्तकातच राहिले असते तर हरकत नव्हती. पण आपल्याच राज्यात सातपुड्याच्या पट्ट्यात बायांना 'डाकीण' ठरवून मारहाण झाली, त्यांचे जीवही घेतले गेले. गावात कोणाचे मूल दगावले की बोट कोणाकडे वळते? बहुधा एकट्या, निराधार बाईकडे. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडले, तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला. पण तो पाहायला ते नव्हते. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला होता. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते असे सांगून तिच्याविषयी संशय पसरवणे हा या कायद्याने गुन्हा आहे. कागदावरच्या चेटकिणीला शिक्षा नसते. तिचा चेहरा जिच्यावर लादला जातो, त्या जिवंत बाईला असते.

मग भीतीच्या गोष्टींची चित्रे काढूच नयेत का? तसे मी मुळीच म्हणणार नाही. चांगला चित्रकार भीती दाखवतो आणि कोणाचा बळीही देत नाही. आयर्लंडच्या हॅरी क्लार्कने १९१९ साली एडगर ॲलन पोच्या कथांना चित्रे काढली. गडद काळी शाई, बारीक नक्षी आणि विस्फारलेले डोळे. त्यात भय आहे ते माणसाच्या मनातले. आपल्याकडे नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या उत्तम कथांतही भीती अशीच ओळखीच्या घरातून, रोजच्या खोलीतून येते. मतकरी तर स्वतः चित्रकारही होते. अशा कथेला दात विचकणारा सांगाडा काढला की कथा मेलीच.

रहस्यकथेच्या चित्रकाराची अडचण आणखी वेगळी. वाचक पान उलटतो तेव्हा आधी चित्र पाहतो, मजकूर नंतर वाचतो. म्हणून उलगडा होण्याआधीचा क्षण त्याला निवडावा लागतो. अर्धवट उघडे दार, जिन्यावरची सावली, पाठमोरा माणूस. पूर्वी चित्रांचे जस्ताचे ब्लॉक करून ते खरखरीत स्वस्त कागदावर छापत. नाजूक छटा त्यावर टिकत नसत. म्हणून चित्रकार ठसठशीत काळे-पांढरे काम करीत. तो अंधार भयकथेला मानवला. साधनाच्या मर्यादेतून कसब जन्मले, ते असे.

आता पुन्हा विहारातल्या त्या रविवाराकडे येतो. सगळे चोर काळे असताना एका मुलीचा कागद निराळा होता. तिने चोर काढलाच नव्हता. दुकानाची अर्धवट सरकलेली फळी, खाली पडलेले कुलूप आणि उंबऱ्याशी एकच पायताण. मी विचारले, "अगं, चोर कुठाय?" ती म्हणाली, "सर, अजून घावला कुठं?"

या मुलीला चित्रकला कोणी शिकवलेली नाही. पण सापडण्याआधी चोर ठरवायचा नाही, हे तिला बरोबर समजले होते. मोठमोठ्यांना ते उमजत नाही.

मग मी गोष्टीचा शेवट सांगितला. चोर म्हणजे इस्त्रीच्या कपड्यातला, भांग पाडलेला मालकाचा भाचा! मुले खो खो हसली. तो हमालाचा मुलगा मात्र हसला नाही. उठून माझ्याकडे आला, आपला कागद परत मागून घेतला आणि खोडरबराने चोराचे तोंड पुसत बसला.

वाचकहो, सुट्टीच्या दिवशी घरी दोन गोष्टी करून पाहा. रात्री दिवा घालवून बॅटरीचा उजेड आपल्या हनुवटीखालून चेहऱ्यावर पाडा आणि मुलांना दाखवा. उजेड वरून पडायची आपल्या डोळ्यांना सवय, तो खालून पडला की बापाचा चेहराही भुतासारखा दिसतो. मग तोच उजेड वरून पाडा. भूत पळाले! भयचित्राची एक मोठी युक्ती मुलांना तिथेच कळेल.

दुसरी गोष्ट. भुताची किंवा चोराची कथा वाचून दाखवताना पुस्तकातले चित्र हाताने झाका. मुलांना आधी स्वतःचे चित्र काढू द्या. काढून झाले की रागावू नका, फक्त एवढेच विचारा, "बाळ, हा चेहरा तुला कुठे भेटला?" उत्तर नीट ऐका. त्या उत्तरात आपले घर, शाळा, पुस्तके आणि आजूबाजूचा समाज सगळे सापडेल.

जयभीम.